सड्यावरची कातळशिल्पं: आधी कठडा की आधी नोंद?

सडेवाली
राजापूर तालुक्यातल्या एका वाडीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या माळावर, गवत कापताना कातळात कोरलेल्या आकृत्या उघड्या पडल्या आहेत. एक मासा, दोन माणसं आणि एक मोठी चौकोनी चौकट दिसते. चौकटीच्या आतलं काम अजून मातीखाली आहे. पुढच्या ग्रामसभेत तीन सूचना येणार आहेत. रेषा उठून दिसाव्यात म्हणून त्यांत पांढरा रंग भरायचा, चारी बाजूंनी सिमेंटचा कठडा घालून वर पत्र्याची शेड टाकायची आणि हमरस्त्यावर फलक लावायचा. सूचना करणाऱ्यांची तळमळ खरी आहे. पुरातत्त्व खात्याला कळवायचं का, यावर मात्र वाडीत दोन तट आहेत. "कळवलं की जमीन गेली" असं बरेच जण म्हणतात. जाणकारांनी सांगावं: गावाने काय करावं, अभ्यासकांकडून काय मागावं आणि कोणत्या क्रमाने?

कातळखूण
सगळ्यात आधी रंग थांबवा. बाकीच्या दोन गोष्टी वर्षभर रखडल्या तरी चालेल, पण रंग एकदा बसला की तो काढता येत नाही. जांभा सच्छिद्र असतो, ऑइलपेंट त्याच्या छिद्रांत उतरतो. काढायला थिनर, तारेचा ब्रश किंवा अॅसिड वापरलं तर रंगासोबत कोरीव कडाही जाते, आणि ती रेषा मुळात काही सेंटिमीटरच खोल असते. शिवाय रंग भरणारा माणूस त्याला दिसली तीच रेषा रंगवतो. झिजलेली शेपटी त्याला दिसली नाही की पुढच्या प्रत्येक फोटोत तो प्राणी बिनशेपटीचा.

चुना, खडू, रांगोळी यांनाही हेच लागू. फोटोपुरती रेषा उठावी असं वाटत असेल तर साधं पाणी शिंपडा. खोलगट भाग उशिरा वाळतो, तेवढी ८-१० मिनिटं मिळतात.

नाखवा_देवगड
रंग नको, हे पटलं. पण कठड्याला काय हरकत? सड्यावर गुरं फिरतात, टेम्पो वळतात, पोरं गाड्या घालतात.

कातळखूण
@नाखवा_देवगड, कठड्याला हरकत नाही. घाईत घातलेल्या कठड्यातून तीन गोष्टी हमखास बिघडतात.

पाया घेण्यासाठी कातळ फोडला जातो आणि मातीखालची, अजून न दिसलेली शिल्पं त्यात जातात. त्यांच्या चौकटीच्या आतलं काम तर अजून उघडंच झालेलं नाही. दुसरं, पाणी. कोकणातल्या पावसात सड्यावरून पाण्याचा पातळ लोंढा वाहत असतो. बंदिस्त कठडा घातला की आत तळं साचतं, शेवाळ धरतं आणि गाळ रेषांत बसतो. तळाशी दर मीटर-दीड मीटरवर पाण्याला वाट ठेवावीच लागते, तीही उताराच्या बाजूला मोठी. तिसरं, पत्र्याची शेड. तिचे खांब रोवायला कातळात भोकं पाडावी लागतात आणि पन्हळीचं पाणी वर्षानुवर्षं एकाच रेषेत पडून तिथला कातळ खातं.

म्हणून आधी सफाई, मग नोंद, मग हद्द ठरवायची आणि शेवटी कठडा. तोवर गुरं-गाड्या थांबवायला सुटे चिरे (जांभ्याचे कापीव दगड) रचून ठेवले तरी पुरतं. उद्या हलवता येतात.

खणती_पुणे
नोंदीचं सविस्तर लिहितो, कारण हे काम गावातली चार मुलं दोन दिवसांत करू शकतात.

सफाई: गवत हाताने उपटायचं, मुळाशी कातळ चिकटलेला असेल तर तिथेच कापायचं. माती सुकी असताना मऊ केरसुणीने, कडेच्या दिशेने झाडायची. घमेलं, फावडं, खराटा, लोखंडी काहीही नको. रेषेतली माती काढायला बांबूची चपटी कामटी आणि रंगकामाचा नवा ब्रश. दगडावरचे पांढरे-करडे चट्टे म्हणजे दगडफूल, ते खरवडायचं नाही. माती काढताना गारगोटीचे किंवा चकमकीच्या जातीच्या दगडाचे धारदार तुकडे दिसले तर ती सूक्ष्मास्त्रं, म्हणजे अश्मयुगातली छोटी दगडी हत्यारं, असू शकतात. उचलून पिशवीत टाकलं की त्यांची जागा हरवते. आहेत तिथेच फोटो, अंतर, खूण.

मोजणी: शिल्पाच्या बाजूने नायलॉनची दोरी ताणून १० मीटरची आधाररेषा घ्यायची. तिच्यावर दर २५ सेंटिमीटरला थांबून काटकोनात टेप धरायचा आणि रेषा कुठे भेटते ते आलेखाच्या कागदावर १:१० प्रमाणात मांडायचं. तीन माणसं लागतात: एक दोरीवर, एक टेपवर, एक कागदावर. हे जुनं तंत्र आहे, पण चित्र काढताना डोळ्यांना जे दिसतं ते फोटोत सुटतं.

फोटो दोन तऱ्हेचे. रेषा दिसण्यासाठीचे फोटो सूर्योदयानंतरच्या किंवा सूर्यास्ताआधीच्या तासाभरात, तिरप्या उन्हात. दुपारी बाराला काढलेल्या फोटोत हत्तीसुद्धा दिसत नाही. रात्री टॉर्च जमिनीलगत, साधारण १०-१५ अंशांत धरून आठ दिशांनी आठ फोटो, कॅमेरा तिकाटण्यावर. त्रिमित प्रतिमा बनवायची असेल तर उलट, सावली नसलेला सपाट उजेड लागतो: ढगाळ दिवस किंवा ऊन उतरल्यानंतरची वेळ. ३ बाय ४ मीटरच्या आकृतीला १५०-२०० फोटो, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा किमान ७० टक्के भाग. झूम बदलायचा नाही, फोकस लॉक. तीन कडांना तीन मोजपट्ट्या ठेवायच्या, नाहीतर प्रतिमा देखणी होते पण माप खोटं निघतं.

जांभ्याचा_पोर
फोटोंसाठी ड्रोन वापरायचा विचार असेल तर: २५० ग्रॅमच्या आतला नॅनो ड्रोन असला तरी सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर हिरवा-पिवळा-लाल पट्टा बघूनच उडवा. रत्नागिरी विमानतळ तटरक्षक दलाच्या वापरात आहे, तिथे आसपास परवानगीचा प्रश्न येतो. लहान आकृतीला ड्रोन लागतच नाही. चार मीटरच्या बांबूच्या टोकाला मोबाइल बांधून टायमर लावला तरी काम होतं. कशेळीच्या हत्तीसारखं १८ बाय १३ मीटरचं शिल्प असेल तर मात्र ड्रोनला पर्याय नाही. जमिनीवरून तो हत्ती आहे हे कळतच नाही.

आणि होकायंत्रावर विसंबू नका. देवाचे गोठणे इथे शिल्पाजवळ होकायंत्र चुकीची दिशा दाखवतं हे प्रसिद्धच आहे. जांभ्यातलं लोह इतरत्रही थोडाफार घोळ घालू शकतं. उत्तर दिशा जीपीएसचे दोन बिंदू घेऊन काढा.

मालवणी_खाजा
मोजमापाच्या आदी एक गोष्ट रवली. देवाक गाऱ्हाणा घातल्याशिवाय कातळाक हात लावूचो नाय. गावकार, मानकरी, गुरव सगळ्यांका घेवन जावा, नारळ ठेवा, मग काय ती दोरी ताणा.

खणती_पुणे
@मालवणी_खाजा, अगदी बरोबर, आणि हे शिष्टाचारापुरतं नाही. गाऱ्हाण्याच्या वेळी त्या जागेचं नाव घेतलं जातं, हद्दी सांगितल्या जातात, राखणदार कोण ते सांगितलं जातं. तो मजकूर शब्दशः टिपला तर जागेबद्दलची सगळ्यात जुनी तोंडी नोंद हाती येते. रेकॉर्डिंग करायचं तर आधी विचारून. काही ठिकाणी देवाला कौल लावल्याशिवाय परवानगी देत नाहीत. कौल लागला नाही तर त्या दिवशी काम होत नाही, हे अभ्यासकांच्या वेळापत्रकात धरलेलं असावं. दोन दिवसांच्या कामाला चार दिवस राखून ठेवा.

अंजनवेल
तोंडी माहिती घेताना "हे कोणी काढलं?" हा पहिला प्रश्न ठेवू नये. उत्तर ठरलेलं असतं: पांडवांनी, एका रात्रीत. ते टिपावंच, पण तिथे थांबू नये. विचारायचं ते असं: या सड्याच्या या टोकाला काय म्हणतात? गुरं कुठे बसवायचे? पावसाचं पाणी मार्चपर्यंत कुठे टिकतं? कुठे अनवाणी जायचं? कोणत्या दिवशी इथे काही ठेवतात? कातळावर अजून कुठे "असलं काही" आहे?

माहिती असलेली माणसं बहुधा बैठकीला येत नाहीत. गुराखी, गवत कापायला आणि लाकूडफाट्याला जाणाऱ्या बायका, चिरेखाणीवरचे कामगार. त्यांच्याबरोबर सड्यावर चालत जावं लागतं. ग्रामपंचायतीच्या खुर्चीत बसून जे सांगितलं जातं आणि सड्यावर पायाने दाखवलं जातं, त्यात फार फरक पडतो. शब्द बदलू नयेत. त्यांनी "मांड" म्हटलं तर वहीत मांडच लिहावं, "भौमितिक रचना" कंसात नंतर.

रत्नागिरी परिसरातली शिल्पं जगासमोर आली ती अशीच, सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, सुरेंद्र ठाकूरदेसाई या मंडळींनी गावोगाव विचारत, सडे तुडवत केलेल्या शोधामुळे. गुराख्यांनी दाखवलेल्या जागा त्यात कितीतरी आहेत.

सडेवाली
सगळ्यांचे आभार. गाऱ्हाण्याचं वाडीत लगेच पटेल. जमिनीचं मात्र कोणीतरी स्पष्ट सांगा. सभा तिथेच अडणार आहे.

सातबारा_उतारा
मुद्द्याचं. भीती कुठून येते? केंद्र संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर निषिद्ध आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं, २०१० च्या दुरुस्तीपासून हे कायद्यातच आहे. लोकांनी कुठल्यातरी किल्ल्याच्या किंवा लेण्याच्या पायथ्याच्या गावात ते पाहिलेलं असतं. पण नुसतं कळवल्याने काही संरक्षित होत नाही. राज्य संरक्षित स्मारकासाठी महाराष्ट्राचा १९६० चा कायदा आहे. प्राथमिक अधिसूचना निघते, हरकतींना २ महिने असतात, मग अंतिम अधिसूचना. त्या २ महिन्यांत गावाने आपलं म्हणणं लेखी द्यायचं: शिल्पाभोवती किती गुंठे घ्यावेत, गुरांची वाट कुठून राहावी, देवाच्या वाटेला अडथळा नको. संरक्षण जाहीर झालं म्हणजे मालकी गेली असं होत नाही, सातबारावर नाव राहतं. वापरावर मात्र बंधन येतं, आणि ते लपवू नये. "काहीच फरक पडणार नाही" असं सांगून सह्या घेतल्या की पुढच्या वेळी त्या गावात कोणी दार उघडत नाही.

खरी अडचण वेगळी आहे. कोकणातल्या सातबारावर वीस-पंचवीस सहहिस्सेदार असतात, निम्मे मुंबईत, काही वारलेले आणि वारसनोंद न झालेले. वाडीत राहणाऱ्या दोघांची संमती घेऊन काम सुरू केलं की तिसरा विरारहून नोटीस पाठवतो. म्हणून बैठक गणपतीत किंवा शिमग्यात घ्या, चाकरमानी गावी असतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव मांडाच. गणपूर्ती लक्षात ठेवा: मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती.

चाकरमानी_परळ
सातबारावाले बोलले ते लाखमोलाचं. भर घालतो: नुसती सही मागू नका, सड्यावर नेऊन दाखवा. सड्याला "पडीक" म्हणून मोठे झालेले आम्ही लोक. त्या पडीक कातळावर आजोबांच्या आजोबांच्याही आधीचा मासा आहे हे डोळ्यांनी बघितलं की चिरेखाणीला द्यायचा विचार माणूस दोनदा करतो.

जांभ्याचा_पोर
चिरेखाणीचा विषय निघालाच आहे तर: खाण हाच सगळ्यात मोठा धोका आहे. कटर सरळ रेषेत मीटरामागून मीटर कापत जातो, थांबून बघायला कोणी नसतं. शिल्प असलेले सर्व्हे नंबर आणि लगतचे नंबर यांची यादी ठरावाला जोडून तहसीलदार आणि जिल्हा खनिकर्म अधिकारी दोघांना द्या, पोच घ्या. गौण खनिजाचा परवाना सर्व्हे नंबरावर निघतो, "सड्यावरील शिल्पे" असं मोघम पत्र फाइलमध्ये कोणाला सापडत नाही.

दुसरा धोका वणवा. गवत जाळल्यावर कातळ तापतो आणि वरचा पापुद्रा सुटतो. शिल्पाभोवती निदान ५ मीटरचा पट्टा डिसेंबरातच गवत कापून मोकळा ठेवा.

दिशादर्शक
एक वेगळा मुद्दा. जागा जाहीरच करू नये. अक्षांश-रेखांश इंटरनेटवर पडले की पुढच्या रविवारी पन्नास गाड्या. नाव कोरणारे, रेषेत पाणी ओतून रील बनवणारे, बूट घालून हत्तीवर झोपणारे. फलक तर मुळीच नको.

कातळखूण
@दिशादर्शक, नुकसान तुम्ही म्हणता तसंच होतं. पण कोणाला माहीत नसलेलं शिल्प खाणीत जातं आणि गेलं हेसुद्धा कळत नाही. मधला मार्ग: नेमकी जागा ग्रामपंचायत, तहसील, राज्य पुरातत्त्व विभाग आणि अभ्यास करणारी संस्था यांच्याकडे पूर्ण तपशिलासह, दशांशाच्या पाच स्थळांपर्यंत. जाहीर लिखाणात फक्त गावाचं नाव. मोबाइलच्या फोटोत जागा आपोआप नोंदली जाते, ती काढूनच फोटो पुढे पाठवा. वाट दाखवायला गावातला माणूस तयार झाला, बसायला सावली, गाड्यांना जागा आणि शौचालय झालं की मग फलक.

दिशादर्शक
गावाची तयारी झाल्यावर फलक, हे मान्य. त्याआधी नको, यावर ठाम आहे.

कुशावती_काठ
गोव्यातून. पणसायमळचं शिल्प कुशावती नदीच्या काठावर आहे. १९९३ मध्ये गावातल्या लोकांनी दाखवल्यावर ते अभ्यासकांपुढे आलं. तिथलं चक्रव्यूह बघायला लांबून लोक येतात. नदीकाठच्या शिल्पांचं गणित सड्यापेक्षा वेगळं असतं: पुराचा गाळ दरवर्षी येतो. गाळ ओला असताना पाण्याने हळू धुऊन काढावा. वाळून घट्ट झाल्यावर खरवडावा लागतो आणि मग कडा जातात. सड्यावर सुकी सफाई, काठावर ओली.

२०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत कोकणातली शिल्पं गेली, त्यात कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, जांभरूण, उक्षी, कुडोपी यांच्याबरोबर पणसायमळही आहे. दोन राज्यांचा एकच वारसा म्हणून मांडला गेला याचं फार समाधान आहे.

घाटावरचा
देशावरून एक शंका. आमच्याकडे कातळशिल्पं नाहीत, पण वीरगळ, सतीशिळा, गधेगाळ (दान मोडणाऱ्याला शाप कोरलेली शिळा) गावोगाव पडलेल्या असतात. जीर्णोद्धारात त्या पायरीला लागतात किंवा शेंदूर-ऑइलपेंटखाली जातात. हीच पद्धत तिथे चालेल का?

अंजनवेल
चालेल, एका फरकाने. कातळशिल्प हलत नाही, वीरगळ हलते. म्हणून ती उचलण्याआधी मूळ जागा, तोंड कोणत्या दिशेला, जमिनीत किती गाडलेली, शेजारी काय, हे टिपलं पाहिजे. वेशीजवळची वीरगळ देवळाच्या भिंतीला टेकवून सिमेंटने पक्की केली की ती कुठल्या लढाईच्या वाटेवर होती हे कायमचं गेलं. ज्या दगडाला शेंदूर लागतो आणि ज्याची पूजा चालू आहे, त्याचा शेंदूर काढायचा निर्णय फक्त पूजा करणाऱ्यांचा.

गधेगाळीवर किंवा इतर दगडावर अक्षरं असतील तर ठसा जाणत्या माणसाकडूनच घ्यावा. दगड धुऊन ओला कागद चढवतात, ब्रशने ठोकून तो अक्षरांत बसवतात, अर्धवट वाळला की शाईची गादी हलक्या हाताने फिरवतात. कागद फाटला तर शाई दगडात उतरते. गावाने तिरप्या उजेडात फोटो काढावेत, वाचनाला तेवढे बहुधा पुरतात.

खणती_पुणे
शंका रास्त आहे, पण धागा कोकणात परत नेतो. @सडेवाली, ओळखण्यातली एक चूक टाळा. कातळातली प्रत्येक खाच शिल्प नसते. जांभ्यात नैसर्गिक भोकं आणि नळ्या असतात. कांडपाचे खळगे, मांडवाच्या खांबांची भोकं, वाघ-बकरीचे पट, जुन्या हद्दीच्या खुणा, अर्धवट सोडलेल्या चिऱ्यांचे काप, हे सगळं दिसतं. तेही नोंदवा, वेगळ्या रकान्यात. पट कधी खेळायचे हे गावातला म्हातारा माणूस सांगू शकतो, प्रयोगशाळा नाही.

आणि फलकावर वय लिहिण्याची घाई नको. कोरलेल्या रेषेत कोळसा किंवा हाड नसतं, त्यामुळे कार्बन पद्धतीने थेट काळ काढता येत नाही. आज कोकणात नसलेला गेंडा कोरलेला दिसतो, आसपास सूक्ष्मास्त्रं मिळतात, यावरून शिल्पं खूप जुनी असल्याचं अभ्यासक मांडतात, पण सगळी एकाच काळातली आहेत असं म्हणता येत नाही. "हजारो वर्षांपूर्वीची असावीत, अभ्यास चालू आहे" एवढं पुरे.

सातबारा_उतारा
अभ्यासकांकडून काय मागावं हा मूळ प्रश्न राहिलाच. ठरावातच लिहा. सर्व फोटो आणि नकाशांची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत, हार्ड डिस्कवर आणि छापील दोन्ही. अहवालाचा सारांश मराठीत, छापण्याआधी गावात वाचून दाखवायचा. सापडलेली वस्तू पोच दिल्याशिवाय गावाबाहेर जाणार नाही. खणायचं असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या परवान्याची प्रत आधी. मजुरी किती आणि कधी, हेही. माहिती देणाऱ्याचं नाव अहवालात घालायचं का, ते त्यालाच विचारून. आजवर बऱ्याच अहवालांत "स्थानिकांच्या मदतीने" या दोन शब्दांत अख्खं गाव उरकलेलं असतं, ते बंद झालं पाहिजे.

नाखवा_देवगड
आता कठड्याचं माझंच उत्तर मला मिळालं. तरी माप सांगून ठेवा, सभेत विचारतील.

कातळखूण
सिमेंट नको, सुक्या चिऱ्यांचा रचलेला, गुडघ्याएवढा. सफाई संपल्यावर जी शेवटची रेषा दिसेल तिच्यापासून निदान ३ मीटर लांब, पाया न खणता थेट कातळावर. उताराच्या बाजूला चिऱ्यांमध्ये वीतभर फट. उक्षीच्या हत्तीभोवती गोल कठडा आहे आणि लोक बाहेर उभं राहून बघतात. तो एकदा सगळ्यांनी जाऊन बघा, पावसात बघितला तर पाण्याचंही कळेल. आत जायचंच असेल तर चपला बाहेर, देवळासारख्या.

सडेवाली
वाडीत वाचून दाखवलं. ठरावाचा मसुदा असा केला आहे: रंग नाही. गाऱ्हाणं घालून सुकी सफाई, डिसेंबरात गवत कापल्यावर. नोंद झाल्यावरच कठडा, सुका. सर्व्हे नंबरांची यादी तहसील आणि खनिकर्म दोन्हीकडे. राज्य पुरातत्त्व विभागाला पत्र, सोबत गावाच्या अटी. फलक सध्या नाही. मुंबईकरांसाठी बैठक शिमग्यात. काही राहिलं का?

मालवणी_खाजा
पत्राची पोच घेवक इसरा नको.

अंजनवेल
चौकटीच्या आतली माती पहिल्याच दिवशी सगळी काढू नका. एक कोपरा तसाच ठेवा, मातीचे नमुने घ्यायला आलेल्या अभ्यासकाला न हललेला थर मिळाला पाहिजे. कोणता कोपरा ठेवला ते नकाशावर लिहून ठेवा, आणि त्यावर ताडपत्री नको, आत वाफ धरते. पेंढा आणि चार चिरे पुरतील.